लाल, तपकिरी, मग मुंबई

बाळंतपणाची माझी तयारी चोख होती. दुपटी, लंगोट, झबली, गुटीची सहाण, थर्मास, टॉर्च, माझे पुढून उघडणारे गाऊन, असं सगळं एका ट्रंकेत भरून झाकणाला आतून यादी चिकटवली होती. नंतरच्या दिवसांची यादी मात्र मी केली नव्हती. नंतर काही असतं, हेच मला कुणी सांगितलं नव्हतं. कळा येतात, मूल होतं, पेढे वाटतात आणि मग बाईचं पूर्वीसारखं सुरू होतं, अशी माझी समजूत होती. मी तेव्हा रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत कारकून होते. वय पंचविशीच्या आत, आणि डोक्यात असं पक्कं की ज्याची नोंद फायलीत नाही ते घडतच नाही.

मुलगी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातली आया म्हणाली, "ऊठ गो, न्हाणीत जाऊन ये." मी उठले. दोन्ही पाय जमिनीला टेकले, सरळ उभी राहिले आणि मांड्यांवरून काहीतरी कोमट, भळकन, पार घोट्यापर्यंत आलं. खाली पाहिलं तर लाल. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरची पेज पिणारी बाई थांबली.

"मेले, ओरडतेस काय?" आया फडकं आणायला वळता वळता म्हणाली. "रात्रभर आडवी होतीस. साठलेलं आलं. आता रोज उठलीस की असंच येणार."

"रोज?"

"मग काय, एका दिवसात उरकतंय होय?"

त्याच सकाळी बाबा पेजेचा डबा घेऊन आले आणि डब्याबरोबर परदेशी तिकिटाचं पाकीट. बाबा एसटीत कंडक्टर होते. कुठलीही वस्तू हातात द्यायची तर तिकीट फाडून दिल्यासारखी द्यायचे, न बोलता. पत्र माझ्या नवऱ्याचं होतं. तो मालवाहू जहाजावर इंजिनखात्यात फिटर. पत्र लिहिलं तेव्हा त्याला मुलगी झाल्याचं कळायला मार्ग नव्हता. त्यानं लिहिलं होतं की मे महिन्याच्या मध्याला जहाज मुंबईला लागेल, तीन-चार दिवस थांबेल. रजा नाही. रत्नागिरीला येऊन जायला वेळ पुरणार नाही. मग जहाज निघेल ते वर्ष संपेपर्यंत परतायचं नाही. "तू आणि ते जे कोण असेल ते, मुंबईला येऊ शकाल का? न जमलं तर मी समजून घेईन," असं शेवटी होतं. समजून घेईन हे शब्द त्यानं दोनदा गिरवलेले दिसत होते.

एप्रिल नुकता लागला होता. मी मनात आठवडे मोजले आणि मला एकदम भूक लागली. पेज संपवली. कागद मागितला. आता माझ्याकडे करायला काम होतं.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा माझी प्रश्नांची यादी तयार होती. पहिला प्रश्न होता, हे किती दिवस जाणार? दुसरा, मुंबईला कधी जाऊ?

बाई उंच, घाईच्या आणि मोठ्या आवाजाच्या होत्या. त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "हे बघ. वार जिथे चिकटलेली होती तिथे आत जखम आहे. बशीएवढी. ती भरून येईपर्यंत जाणार. आधी लाल, मासिक पाळीपेक्षा जास्त. लहानसहान गाठीही पडतील. मग हळूहळू कमी होत तपकिरी होईल. मग पिवळट, मग पांढरं. चार आठवडे, कुणाला सहा. आणि बाळाला पाजायला घेतलंस की ओटीपोटात कळ येईल. येते का?"

"येते. पुन्हा मूल होतंय की काय असं वाटतं."

"चांगलं आहे. पिशवी आवळते आहे. तेव्हा थोडं जास्त जाईल. त्याला घाबरायचं नाही."

"मग कशाला घाबरायचं?"

माझ्या उशाशी उभी असलेली आई चुळबुळली. "अहो बाई, जरा हळू," ती म्हणाली. पलीकडे कुणाचे तरी सासरे बसले होते.

बाईंचा आवाज होता तेवढाच राहिला. "तासाभरात अख्खं फडकं भिजलं, लिंबाहून मोठी गाठ पडली, घाण वास आला, ताप भरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, यातलं एक जरी झालं तरी वाट बघायची नाही. घरच्या काढ्यावर थांबायचं नाही. रिक्षा करायची आणि सरळ इथे यायचं. कळलं?"

"कळलं. आणि मुंबई?"

"टाक्यांवर धड बसता येत नाही अजून, आणि ही मुंबईला निघाली!" त्या हसल्या. मी त्यांना जहाजाचं सांगितलं. मग त्या जरा गंभीर झाल्या. "रंगच सांगेल तुला. पांढरं झालं, पुढे आठवडाभर लाल दिसलं नाही, पायऱ्या चढून दम लागला नाही, तर जा. मी अडवणार नाही."

रंगच सांगेल. मी ते कागदावर लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

घरी आले तर माझ्या बाजेखाली शेगडी तयार. बाहेर एप्रिलचं ऊन, हवा अशी दमट की मीठ बरणीत पाणी सोडतं, आणि माझ्या पाठीखाली निखारे. ही व्यवस्था आत्याची. बाबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची, आणि घरात दोन खाती तिच्या ताब्यात होती. एक बाळंतपणं. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात रातांब्यांची सोलं, म्हणजे आमसुलं, करणं. दोन्हींत ती कुणाचं ऐकायची नाही.

"आत्या, मी भाजून निघेन."

"भाजायसाठीच घालतात. वाईट रक्त सुटून जातं. सगळं जाऊ दे बाय, जितकं जाईल तितकं बरं."

"जितकं नाही. बाईंनी माप सांगितलंय."

"रक्ताला माप?" आत्यानं आईकडे पाहिलं. "वहिनी, ही कचेरीतून आलीय की दवाखान्यातून?"

भांडून उपयोग नव्हता, म्हणून मी बोलणी सुरू केली. शेगडी सकाळी आंघोळीनंतर तेवढी, दुपारनंतर नाही. पाणी मात्र मला हवं तेवढं मिळालं पाहिजे, दूध कुठून येणार? त्यावर आत्यानं घासाघीस केली. साधं पाणी नाही, ओव्याचं उकळलेलं. मी म्हटलं चालेल, पण थर्मास भरून माझ्या उशाशी. ठरलं. अंगाला तेल लावणं, गरम पाण्याची आंघोळ आणि पोटाला जुन्या नऊवारीचा पट्टा करकचून बांधणं, याला माझी हरकत नव्हती. पोट कसं सैल पिशवीसारखं लोंबत होतं. पट्टा बांधला की मला पुन्हा सगळं एका जागी आल्यासारखं वाटायचं.

बाकी जे कुणी सांगत नाही ते एकेक करून समोर आलं. लघवीला बसलं की टाके चरचरायचे. मग कोमट पाण्याचा तांब्या बरोबर नेऊन वरून धार सोडत बसायचं, की चरचर निम्मी होते. शौचाला जायची तर अशी धास्ती की मी दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची शिक्षा भोगली. त्यानंतर डिंकाच्या लाडवांना मी मर्यादा घातली आणि पपई मागितली. पपई म्हटल्यावर आत्यानं कानांवर हात ठेवले, मग तिनं मनुका भिजवल्या. त्यांनीही काम झालं. पहाटे घामानं गाऊन पिळून काढावा असा व्हायचा. दूध उतरलं त्या दिवशी छाती चिऱ्याच्या दगडासारखी झाली आणि त्याच दुपारी स्वयंपाकघरात बांगडे तळले जात असताना मला मऊ भात आणि तूप वाढल्याबद्दल मी हुंदके देऊन रडले. बांगड्यांसाठी. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

"येऊ दे रडू," आत्या म्हणाली. "बाळंतिणीचं असतं. आठवड्यात जाईल." गेलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र आईला बजावलं होतं, की दोन आठवड्यांनीही रडू थांबलं नाही, झोप उडाली, मुलीकडे बघवेना झालं, तर तेही येऊन सांगायचं. ते दुखणंच असतं, नखरे नसतात.

या सगळ्यात मी रोज एकच गोष्ट पाहायचे, फडक्यावरचा रंग. आधी जास्वंदीसारखा लाल. मग आमच्या लाल मातीच्या पाण्यासारखा. बारशाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा तपकिरी दिसला आणि मी न्हाणीतून ओरडले, "आई, तपकिरी!"

आई धावत आली आणि तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "अगो, बाहेर दूधवाला आहे."

आईची खरी अडचण ही होती. तिला रक्ताची भीती नव्हती. ते कुणाला दिसेल, कुणी ऐकेल, याची होती. फडकी म्हणजे तिच्या जुन्या नऊवारींचे मऊ तुकडे, ती स्वतः थंड पाण्यात धुवायची. रक्त गरम पाण्यात घातलं की डाग बसतो, म्हणून आधी थंड, मग उकळणं. इथपर्यंत सगळं शिस्तीत. पण वाळत घालायची न्हाणीमागच्या बोळात, दोरीवर, वरून एक जुनं लुगडं झाकून. तिथे ऊन कधीच यायचं नाही. संध्याकाळी फडकं हातात घेतलं की गार आणि ओलसर. त्याला एक कोंदट वास.

"अशानं ताप येतो. बाईंनी सांगितलंय, कडक उन्हात वाळवायची."

"ऊन फक्त पुढच्या अंगणात. आणि पुढचं अंगण रस्त्यावर. तिथे तुझी ही निशाणं लावू?"

औषधांच्या दुकानात तयार पॅड मिळायचे, पण ते आणायला जाणार कोण? आईला दुकानदारासमोर तोंड उघडवत नव्हतं. बाबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

दोन दिवस आईनं विचार केला आणि तिला असं काही सुचलं की मला तिचा अभिमान वाटला. अंगणात आत्याची सोलं वाळत होती. रातांबे फोडून, बिया काढून, सालं खारवलेल्या रसात बुडवायची, चटयांवर वाळवायची, पुन्हा रसात बुडवायची, अशी एकावर एक पुटं चढवत आत्या सोलं काळीभोर करायची. माश्या बसू नयेत म्हणून वर पातळ पांढरी फडकी. तीही जुन्या नऊवारीचीच. आईनं शेजारी एक रिकामी चटई टाकली आणि माझी फडकी तिच्यावर पसरली. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, खाली सोलं आहेत.

"वन्संना सांगू नकोस," ती मला म्हणाली. "सोलांच्या शेजारी ही फडकी म्हटलं तर अंगण धुवून काढतील."

सोयर केव्हाच फिटली होती, तरी मी सांगितलं नाही. फडकी आता पापडासारखी कडकडीत वाळायला लागली.

आणि मी मुंबईच्या तयारीला लागले. तपकिरी रंगानं मला भलताच उत्साह चढला होता. नवऱ्याला हिरवा रंग आवडतो म्हणून हिरवी साडी शोधायची होती. ती होती आईच्या खाटेखालच्या लाकडी पेटीत, सगळ्यात खाली. घरात कुणी नाही असं पाहून मी पेटी ओढली, उचलून बाजूला केली, साडी काढली, पेटी परत ढकलली. संध्याकाळी फडकं लाल. पुन्हा अगदी पहिल्यासारखं लाल.

 आईला सांगितलं.

"झालं! मुंबई बंद," आई म्हणाली.

"राहिलेलं गेलं. बरंच झालं," आत्या म्हणाली.

मी दोघींचं ऐकलं नाही. खुणा तपासल्या. फडकं तासात भिजलं नव्हतं. गाठ नव्हती, वास नव्हता, ताप नव्हता. गुपचूप आडवी झाले आणि मुलीला पाजण्यापुरतीच उठले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रंग पुन्हा तपकिरीवर आला. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पेटी कुणी उचलायला सांगितली होती? झेपेल त्याहून जास्त केलंस की ते लाल होऊन सांगतं. ऐकायचं आणि पडून राहायचं. आता वजन उचलायचं ते फक्त मुलीचं." वर लोहाच्या गोळ्या दिल्या.

त्यानंतर मी शहाण्यासारखी वागले. आधी पडवीतल्या पडवीत चालणं. मग विहिरीपर्यंत. मग, आत्या दुपारी झोपली की, घरामागच्या चिऱ्याच्या पायऱ्या, आधी थोड्या, रोज एखाद-दोन वाढवत. मे उजाडला तेव्हा रंग पिवळट होता. मग पांढरा. मग फडक्यावर नाव घेण्यासारखं काही उरलंच नाही, तरी खबरदारी म्हणून फडकी रोज धुतली-वाळवली जात होती. पायऱ्या मी वरपर्यंत चढले, मुलीला खांद्यावर घेऊन, आणि वर पोचल्यावर बोलायला दम शिल्लक होता. म्हणून मी तिला सगळा समुद्र दाखवला. "तिकडून येणार," मी तिला सांगितलं. ती झोपली होती.

सव्वा महिना झाला आणि तार आली. जहाज येत्या गुरुवारी मुंबईला लागतंय. बाबांनी बुधवारच्या सकाळच्या गाडीची दोन तिकिटं आणली, माझं आणि आईचं. "मधली सीट," ते म्हणाले. "चाकावरची नको. हादरे बसतात." त्यांच्याकडून आलेलं हे या विषयावरचं पहिलं वाक्य. मुंबईत मोठ्या नणंदेच्या खोलीवर उतरायचं, तिथेच तो येणार, असं ठरलं. मी दोन याद्या केल्या, वाटेत लागणाऱ्या वस्तूंची आणि पोचल्यावरची, आणि दिवसभर घरात शीळ वाजवत फिरले. आत्यानं दोनदा टोकलं. बाळंतीण शीळ घालते हे तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी न्हाणीतून आईची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

मी गेले. आई मोरीशी उभी होती. धुण्याच्या बादलीतून तिनं एक फडकं वर काढलं होतं. अख्खं लाल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि बादलीतलं पाणीही लाल.

"केव्हापासून?" तिनं विचारलं. 

"काय केव्हापासून?"

"अख्खं फडकं भिजलंय! बाईंनी काय सांगितलं होतं? आणि तू काल दिवसभर शीळ घालत हिंडतेस?"

"आई, ते माझं नाही."

"तुझं नाही तर कुणाचं, माझं? माझ्याच लुगड्याचं फडकं, मला कळत नाही? तुला मुंबईला जायचंय म्हणून लपवलंस."

"मला आठवडाभर काही गेलेलं नाही. बघ हवं तर."

"बाबा कुठे आहेत? आधी रिक्षा आणू दे. तिकिटं परत करायला सांगते."

तिकिटं परत, हे ऐकल्यावर मी न्हाणीचं दार अडवून उभी राहिले. आणि तिचं चूक होतं असंही मला म्हणता येईना. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. बाईंच्या खुणांतली पहिलीच खूण तिच्या हातात होती, आणि समोर अशी मुलगी, जिच्यावर विश्वास ठेवण्याचं काही कारण नव्हतं, कारण तिला जायचं होतं. मी कितीही शपथा घेतल्या असत्या तरी त्या मुंबईच्या शपथा ठरल्या असत्या.

मग मी बादलीत वाकून पाहिलं. लाल खरं, पण कडेला जांभळट झाक. रक्त पाण्यात असं पसरत नाही. दीड महिना मी दुसरं काही पाहिलंच नव्हतं. रक्ताच्या लालबद्दल त्या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"धुण्याचा सोडा दे."

"आता धुवून काय करतेस?"

"दे तर."

चिमूटभर सोडा पाण्यात कालवून मी फडक्याच्या एका कोपऱ्यावर ओतला. तो कोपरा आमच्या डोळ्यांदेखत निळसर पडला, मग शेवाळी काळा. आमच्याकडे जिनं एकदा तरी रातांबे फोडलेत तिच्या साडीवर हा डाग आहे. आई त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं फडकं नाकाशी नेलं. दीड महिना ज्या फडक्यांवर ती कुणाची सावली पडू देत नव्हती, त्यातलं एक तिनं सरळ हुंगलं.

"आंबट," ती म्हणाली. आणि मोरीच्या कट्ट्यावर बसली.

तेवढ्यात आत्या आली, कोपरापर्यंत हात नव्या रातांब्यांच्या रसानं माखलेले. "वहिनी, माझं फडकं का घेतलंत? काल शेवटचं पूट दिलं, सोलांवर घालायला फडकी कमी पडली, म्हणून त्या रिकाम्या चटईवरचं एक उचललं. रात्री बादलीत टाकलं होतं भिजत."

आईनं फडकं परत बादलीत सोडलं.  आत्या एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे, एकदा खिडकीतून अंगणातल्या रिकाम्या चटईकडे बघू लागली. त्या चटईवर कधीच सोलं नव्हती, तरी रोज फडकी होती, हे तिच्या आत्ता ध्यानात येत होतं.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "त्या चटईवर काय वाळत असतं?"

आईनं सांगितलं.

आत्यानं देवाचं नाव घेतलं. मग पदरानं तोंड पुसायला गेली आणि तोंड लाल करून बसली. "माझी चटईभर सोलं गो! शेवटच्या पुटाची!"

"उकळलेलं होतं, वन्सं. नि उन्हात वाळलेलं. तुमच्या फडक्यांहून स्वच्छ," आई म्हणाली. इतक्या वर्षांत आत्याला तिनं दिलेलं हे पहिलं उलट उत्तर असावं.

आत्यानं खिडकीतून सोलांवर एकदा नजर फिरवली. शेवटी म्हणाली, "बाहेर द्यायची नाय. घरातच खाऊ." आणि माझ्याकडे वळून, "आणि तू अशी उभी काय? उद्याची गाडी आहे ना? जा, पड जरा."

मी पडले नाही. हसता हसता पोटाचा पट्टा सुटला तो आधी बांधला. आई आत येऊन माझ्या पाठीशी उभी राहिली, तिनं पट्टा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः आवळून बांधला. "मला वाटलं, तू जातेस आता," एवढंच म्हणाली. मुंबईला नव्हे, हे मला कळलं. त्यानंतर मात्र आम्ही दोघी मुकाट्यानं बॅग भरायला लागलो.

बुधवारी निघताना बाबांनी बॅगेवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं ठेवलं. उघडलं तर दुकानातले तयार पॅड. मी वर पाहिलं तर ते गाडीच्या टपावरच्या सामानाकडे बघत होते. "घाट आहेत," ते म्हणाले. "लागलंच तर." पडवीतल्या खुर्चीवर बसून त्या माणसानं दीड महिना सगळं ऐकलं होतं. त्या दुकानात जाऊन त्यांनी काय शब्द वापरले असतील, हे मी आजवर त्यांना विचारलेलं नाही.

घाटात हादरे बसले. मी मुलीला छातीशी आणि आईनं मला दंडाशी धरून ठेवलं होतं. आई दर थांब्यावर भुवया उंचावून विचारायची आणि मी मान हलवून सांगायचे, नाही, काही नाही. पुडकं तसंच राहिलं.

नणंदेच्या खोलीवर तो गुरुवारी संध्याकाळी आला. काळवंडलेला, बारीक झालेला, हाताला डिझेलचा वास. दारात उभा राहून त्यानं आधी मुलीकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे आला आणि सगळ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "तुझं बरं आहे ना? अंगावरचं थांबलं?"

मी थक्क झाले. "तुला काय माहीत त्यातलं?"

"जहाजावरच्या भंडाऱ्याला, आमच्या स्वयंपाक्याला, चार मुलं आहेत. त्याला विचारून ठेवलं होतं. म्हणाला, मुलगी का मुलगा ते नंतर विचार, आधी हे विचार."

"थांबलं. पांढरंही थांबलं. पायऱ्या चढते. इथलाही जिना चढले."

"मग दे."

मी मुलीला त्याच्या हातात दिलं. इंजिन उघडणारे ते हात असे ताठ झाले की नणंद हसायला लागली. मुलीनं डोळे उघडले, त्याच्या शर्टाचं बटण पाहिलं आणि एवढ्या लांबून आणलेलं माझं दूध त्याच्यावर ओकली. तो पुसायला तयारच होईना. रात्री गोदीत परतला तोही तोच शर्ट घालून.

तीन संध्याकाळी तो आला. शेवटच्या दिवशी आईनं त्याच्या पिशवीत लाडू, चिवडा आणि पानात बांधलेला एक जड पुडा घातला. पुडा आत्याच्या गाठीचा होता. मी तो हातात घेऊन पाहिला, वास घेतला आणि आईकडे बघितलं.

"वन्संनी दिलीत," आई शांतपणे म्हणाली. "घरातच खायची म्हणाल्या होत्या ना? जावई घरचाच."

पुढच्या बंदरातून त्याचं पत्र आलं. सोलं भंडाऱ्याला दिली होती. जहाजावर त्या रात्री सगळ्यांनी माशाचं कालवण ओरपून खाल्लं आणि कप्तानानं विचारलं, ही कुठली? पत्र मी आत्याला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग ती म्हणाली, "वहिनी, पुढल्या वर्षी आणखी दोन चटया घालू."